डोक्याचं हाड पोटात! उतारवयात कवटी परत बसवावी का?



गेल्या वर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीला दर्यापूरकडची एक बाई आपल्या आईला घेऊन माझ्याकडे अमरावतीला आली. आईचं वय ६८. तक्रार एकच.

"डाक्टर साहेब, आईच्या पोटात गाठ लागते हाताले. कॅन्सर त नसन?"

मी पोट तपासलं. बेंबीच्या उजवीकडे, कातडीच्या लगेच खाली, तळहाताएवढं काहीतरी कडक लागत होतं. कडा स्पष्ट, आकार किंचित वाकलेला. गाठ अशी नसते. मग आजींना डोक्यावरचा पदर बाजूला करायला सांगितलं. उजव्या कानाच्या वर वाटी मावेल एवढा खड्डा होता आणि त्या खड्ड्यातली कातडी हलकेच उडत होती.

"ही गाठ नाही," मी म्हणालो. "हे आईच्या डोक्याचं हाड आहे."

मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. तिचं सासर गुजरातेत. सात महिन्यांपूर्वी आई धाकट्या मुलाच्या मोटरसायकलवर मागे एका अंगाने बसली होती, स्पीडब्रेकरवर गाडी उसळली आणि ती डोक्यावर पडली. ऑपरेशनच्या कागदांवर सही भावाने केली. डिस्चार्ज कार्डही त्याच्याच कपाटात. त्या कार्डावर एका ओळीत हाड पोटात ठेवल्याचं लिहिलं होतं आणि तीन महिन्यांनी ते बसवायला या, असंही लिहिलं होतं. भावाला फोन लावला. त्याला सगळं ठाऊक होतं. तो एवढंच म्हणाला, "सर, या वयात बुढीचं डोकं पुन्हा काहून फोडायचं? हाये तशी राहू द्या न."

हा प्रश्न मला यापूर्वीही विचारला गेला आहे, आणि एकदा मी त्याचं चुकीचं उत्तर दिलं आहे. त्याबद्दल सांगतोच. आधी हाड पोटात जातं कसं ते समजून घेऊ.

कवटी म्हणजे झाकण न उघडणारा डबा. हाताला मार लागला तर हात सुजतो, कारण सुजायला बाहेर जागा असते. मेंदू सुजला तर त्याला जागाच नसते. सूज वाढत गेली की मेंदूतला रक्तपुरवठा दबतो, आणि शेवटी श्वास चालवणारा खालचा भाग दाबला जातो. अशा वेळी न्यूरोसर्जन कवटीचा मोठा तुकडा कापून बाजूला काढतात, म्हणजे मेंदूला बाहेरच्या दिशेने फुगायला वाव मिळतो. मोठ्या अपघातात, मेंदूतल्या मोठ्या रक्तस्रावात किंवा मेंदूची मुख्य रक्तवाहिनी बंद पडून झालेल्या मोठ्या लकव्यात ही वेळ येते. प्रत्येक डोक्याच्या ऑपरेशनात असं हाड काढून ठेवत नाहीत. म्हाताऱ्या माणसांत हळूहळू साचलेलं जुनं रक्त बहुतेक वेळा एक-दोन छिद्रं पाडूनच काढता येतं. त्यांचं प्रकरण वेगळं.

काढलेला तुकडा ठेवायचा कुठे? उणे ८० अंशाच्या फ्रीजरमध्ये ठेवता येतो, पण तो फ्रीजर, त्याची नोंदवही आणि चोवीस तास वीज सगळीकडे नसते. म्हणून आपल्याकडे बरेच सर्जन पोटाच्या कातडीखाली चरबीत एक खिसा करून त्यात हाड ठेवून देतात. शरीराचंच हाड, शरीरातच. हरवत नाही, दुसऱ्याच्या हाडाशी अदलाबदल होत नाही. मात्र फार दिवस राहिलं तर ते कडांनी झिजायला लागतं.

आणि डोक्यावर उरते नुसती कातडी. घरातल्या आजीबाईंना हे समजावणं सोपं जातं. तान्ह्या बाळाची टाळू आठवा. हाताला मऊ लागते, ठोक्यासरशी उडते, आणि आपण तिला जपतो. या माणसाची टाळू तळहाताएवढी मोठी आहे आणि ती आपोआप भरणार नाही. वॉर्डातल्या सिस्टर ड्रेसिंगवर पेनने ठळक 'नो बोन' लिहितात ते याचसाठी. कूस बदलताना कोणी त्या बाजूवर झोपवू नये. घरी आल्यावर ड्रेसिंग जातं आणि ती सूचनाही जाते. आजींच्या मुलाने मला विचारलं होतं, "मंग काय गाडगेबाबासारखं खापर घालून ठेवू डोक्यावर?" हसू आलं, पण तो फार चुकीचं बोलत नव्हता. हाड बसेपर्यंत उठता-बसता, चालता-फिरताना डोक्याला कडक संरक्षण हवंच.

आता थोडा कडू भाग. उतारवयात पहिल्या ऑपरेशनचाच हिशेब अवघड असतो. जर्मनीत ६० वर्षांवरच्या, मेंदूचा मोठा भाग बाधित झालेल्या ११२ लकव्याच्या रुग्णांवर एक अभ्यास झाला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी पाहिलं तेव्हा नुसत्या औषधोपचारांच्या गटात शंभरातले सुमारे ७० दगावले होते. हाड काढलेल्या गटात सुमारे ३३. जीव वाचवण्याच्या बाबतीत फरक मोठा आहे. पण वाचलेल्यांपैकी एकही जण पूर्वीसारखा स्वतःचं स्वतः सगळं करण्याइतका बरा झाला नव्हता. बहुतेकांना चालायला, अंघोळीला, कपडे घालायला दुसऱ्याचा हात लागत होता. हे आकडे लकव्याचे आहेत, अपघाताचे नाहीत. पण रात्री दोन वाजता आयसीयूबाहेर सही मागितली जाते तेव्हा घरच्यांना एवढं तरी कोणी सांगायला हवं. "ऑपरेशन केलं तर वाचतील का?" हा प्रश्न सगळे विचारतात. "वाचले तर कसे राहतील?" हा क्वचित कोणी विचारतो.

कवटी परत बसवण्याचं ऑपरेशन, म्हणजे क्रॅनिओप्लास्टी, हे त्यानंतरचं. इथे घाई नसते. मेंदूची सूज उतरलेली असते, विचार करायला आठवडे मिळतात. साधारण दीड ते तीन महिन्यांत करतात. जखमेत जंतुसंसर्ग झाला असेल तर आणखी थांबतात. लोकांना वाटतं हे दिसण्यासाठीचं ऑपरेशन आहे. दिसणं महत्त्वाचं आहेच, पदराआड सात महिने काढलेल्या बाईला विचारा. पण दोन कारणं त्याहून मोठी. एक म्हणजे संरक्षण: तोल गेलेला माणूस पुन्हा पडतोच. आणि दुसरं कारण मला स्वतःला उशिरा कळलं.

अकोल्यात होतो तेव्हाची गोष्ट. बारा-तेरा वर्षं झाली. ७१ वर्षांचे एक निवृत्त गुरुजी, गणिताचे. डोक्यात रक्तस्राव होऊन उजव्या बाजूचं हाड काढलेलं. डावा हात-पाय कमजोर, पण शुद्धीत, बोलणारे. हाड बसवण्याआधी फिजिशियनकडून फिटनेस घ्या म्हणून त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं. शुगर थोडी जास्त होती, बीपी आटोक्यात, हृदयाचा इको ठीक. मी कागद पाहिले, वय पाहिलं आणि लिहिलं: वय जास्त, धोका जास्त, शस्त्रक्रिया टाळलेली बरी. घरच्यांना हायसं वाटलं. खरं सांगायचं तर मलाही. फिटनेस नाकारणाऱ्या डॉक्टरला पुढे कोणी जाब विचारत नाही.

पुढच्या चार-पाच महिन्यांत गुरुजी मिटत गेले. खुर्चीत बसवलं की मान खाली, उत्तर नाही, डोकं दुखतं म्हणायचे. त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, "डॉक्टर, हे पडून असले की बोलतात हो. सकाळी उठायच्या आधी पावकी-निमकी म्हणतात. खुर्चीत बसवलं की थांबतात."

मी ते ऐकलं आणि उदासीनतेची गोळी लिहून दिली.

कवटीचा मोठा तुकडा नसला की बाहेरच्या हवेचा दाब थेट कातडीवरून मेंदूवर येतो. माणूस बसला किंवा उभा राहिला की डोक्यातलं पाणी खाली उतरतं, खड्डा आणखी खोल होतो आणि तिथल्या मेंदूचा रक्तपुरवठा कमी पडतो. मग डोकेदुखी, चक्कर, सुस्ती, हात-पाय जास्त लुळे पडणं, बोलणं मंदावणं. आडवं केलं की बरं वाटतं. उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी झालं की हे वाढतं, आणि आमच्या अकोल्याचा मे महिना तुम्हाला माहीत आहेच. या प्रकाराला वैद्यकशास्त्रात नाव आहे, तो पुस्तकात आहे, आणि हाड बसवलं की बऱ्याच जणांत सुधारतो, काहींत तर काही दिवसांतच. गुरुजींच्या पत्नीने मला अचूक लक्षण सांगितलं होतं. पाठ्यपुस्तकात याहून चांगलं लिहिलेलं नाही.

दीड वर्षाने गुरुजी न्यूमोनियाने गेले. हाड बसवलं असतं तर ते आणखी जगले असते असं मी म्हणू शकत नाही. पण खुर्चीत बसून त्यांनी पाढे म्हटले असते का, हे पाहायची संधी मी एका ओळीत काढून घेतली, आणि त्या ओळीला आधार फक्त जन्मतारखेचा होता.

मग वयाने काहीच फरक पडत नाही का? पडतो. क्रॅनिओप्लास्टी हे ऐकायला सोपं वाटणारं ऑपरेशन असलं तरी त्यात गुंतागुंतीचं प्रमाण कमी नाही. निरनिराळ्या अभ्यासांत ते दहात एकापासून दहात तीन-चारपर्यंत सापडलं आहे. जंतुसंसर्ग, हाडाखाली रक्त साचणं, फिट येणं, मेंदूत पाणी साचणं ही त्यातली मुख्य. म्हाताऱ्या माणसांत हे प्रमाण जास्त असतं का, यावर अभ्यासांचं एकमत नाही. काहींत जास्त आढळलं, काहींत वयाचा वेगळा परिणाम दिसलाच नाही. माझा स्वतःचा अनुभव असा की ७० वर्षांचा, शेतात जाणारा, शुगर आटोक्यात असलेला माणूस ५५ वर्षांच्या, शुगर ३०० असलेल्या आणि पाठीला बेडसोअर झालेल्या माणसापेक्षा केव्हाही बरा. जन्मतारीख बदलता येत नाही. बाकीच्यातलं बरंच बदलता येतं, आणि ते काम माझ्यासारख्या फिजिशियनचं आहे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण मोबाईलवर बातमी दाखवून लोक विचारतात. पुण्याच्या भारती हॉस्पिटलमध्ये चार वर्षांच्या मुलीच्या कवटीचा सुमारे ६० टक्के भाग तिच्या मापाने बनवलेल्या पॉलिथिलीनच्या कवटीने बदलला, ही २०१८ मधली बातमी. खरी आहे, कौतुकाची आहे. "लहान पोरीचं झालं, मग बाबांचं काऊन नाही होणार?" मंडळी, लहान मुलाचा मेंदू गमावलेलं काम दुसऱ्या भागाकडून शिकून घेतो, आणि कातडी लवकर भरते. बाबांचं ऑपरेशन होईल, कवटी गोल दिसेल. पण लकव्याने मेलेला मेंदूचा भाग हाड बसवल्याने जिवंत होत नाही. सुधारतो तो दबलेला, अर्धवट झोपलेला भाग. तो किती आहे हे आधी नक्की सांगता येत नाही.

दर्यापूरच्या आजींकडे वळू. त्यांना बसवलं आणि दोन मिनिटं थांबलो. बोलता बोलता त्या गप्प झाल्या, कपाळाला हात लावला. आडवं केलं, तर पाच मिनिटांनी त्यांनी मला माझं गाव विचारलं. या वेळी मी गोळी लिहिली नाही.

पण लगेच फिटनेसही दिला नाही. हिमोग्लोबिन ८.७. तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी ९.८. माकडहाडाजवळ रुपयाएवढा बेडसोअर. लघवीत पू. अशा अवस्थेत डोक्यात काहीही बसवणं म्हणजे जंतूंना घर बांधून देणं. आम्ही आठ आठवडे घेतले. इन्सुलिन सुरू केलं, लघवीचा संसर्ग घालवला, दर दोन तासांनी कूस बदलायची वही घातली. आजी माळकरी, अंडं चालणार नाही. मग दोन्ही वेळा घट्ट वरण, दही, फुटाणे, शेंगदाणे. जखम भरायला प्रथिनं लागतात, आणि आपल्याकडे आजारी माणसाला साबुदाणा आणि पेज देऊन आपण नेमकी तीच तोडतो. टाळूवरची कातडी पातळ, चिकटलेली असेल तर तीही सर्जनला आधी बघावी लागते. म्हातारपणी तिथला टाका उसवणं हा मोठा धोका असतो. आजी हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी घेत होत्या. ती किती दिवस आधी थांबवायची आणि परत केव्हा सुरू करायची हे सर्जन, भूलतज्ज्ञ आणि मी फोनवर बोलून ठरवलं. ही गोळी कृपा करून स्वतःच्या मनाने बंद करू नका. चालूही ठेवू नका. विचारा.

भावाला सामानाची काळजी होती. हाड खराब निघालं तर? तर टायटॅनियमची जाळी असते, हाडाचं सिमेंट असतं, किंवा सीटी स्कॅनवरून मापाने बनवलेली 'पीक' नावाच्या कडक प्लास्टिकची पाटी असते. (शेतातलं पीक नव्हे. महागाईत मात्र सोयाबीनला मागे टाकतं.) माणसाने काय काय बसवून पाहिलं आहे! एका रशियन सरदाराच्या कवटीला कुत्र्याचं हाड बसवल्याची नोंद १६६८ च्या एका डच पुस्तकात आहे. हाड बसलं, पण चर्चने त्याला बाहेर काढलं. आज प्रश्न वेगळे येतात. "टायटॅनियम उन्हात तापन का?" कातडीखाली रक्त फिरत असतं, त्यामुळे चटका बसण्याइतकं तापत नाही, पण काहींना तिथे ऊन आणि थंडी जास्त जाणवते. टोपी-दुपट्टा बांधा. एमआरआय होतो का? टायटॅनियम असेल तरी होतो, फक्त तिथल्या माणसाला आधी सांगा. खर्चासाठी महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, हे भरती होण्याआधी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. बिल हातात पडल्यावर विचारून उपयोग नसतो.

ऑपरेशन झालं. पोटातलं हाड निघालं, कडा झिजल्या होत्या, पुढच्या बाजूला जाळीचा तुकडा जोडावा लागला. दुसऱ्या रात्री आजींना भ्रम झाला. सलाईन ओढून काढली, मुलीला आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाका मारल्या. मुलगी घाबरून गेली. भूल, अनोळखी खोली, अपुरी झोप यामुळे उतारवयात असं होतं आणि बहुधा उतरतं. मात्र त्यामागे आणखी काही नाही ना, हे पाहावं लागतं, म्हणून सीटी स्कॅन केला. तो चांगला होता. नवव्या दिवशी घरी एक फिट आली. गोळीचा डोस वाढवला.

तीन आठवड्यांनी त्या खुर्चीत बसून जेवल्या. दीड महिन्याने वॉकर घेऊन दारापर्यंत. डावा हात तसाच आहे. भाकरी थापता येणार नाही, हे मी त्यांना ऑपरेशनच्या आधीच सांगितलं होतं.

सगळ्यांचं असं होत नाही. त्याच्या आदल्या वर्षी ७४ वर्षांच्या एका गृहस्थांना मी सगळी तयारी करून फिटनेस दिला होता. पाचव्या आठवड्यात टाक्यातून पाणी यायला लागलं. घरच्यांनी हळद लावून दहा दिवस काढले. पू झाला, पाटी काढावी लागली, सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक. आज ते हाडाशिवायच आहेत, आधीपेक्षा थकलेले, आणि पुन्हा ऑपरेशन नको म्हणतात. त्यांचं म्हणणं मला पटतं. म्हणून सांगतो: ताप, टाक्यातून थेंबभर पाणी, वाढती सूज, वाढती झोप, फिट, यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी सर्जनला दाखवा. घरगुती उपाय डोक्यावर करू नका.

आणि काही जणांच्या बाबतीत मी आजही नको म्हणतो. जो माणूस कित्येक महिने बेशुद्धावस्थेत आहे, कोणाला ओळखत नाही, नळीने खातो, वारंवार न्यूमोनिया होतो, त्याच्या घरच्यांना जमीन विकून हे ऑपरेशन करायला लावणं मला योग्य वाटत नाही. काही सर्जनांचं मत वेगळं आहे. शुश्रूषा सोपी होते, कूस बदलता येते, असं ते म्हणतात. त्यातही तथ्य आहे. पण तो निर्णय वय बघून घेऊ नका, माणूस बघून घ्या. बसवल्यावर आणि झोपवल्यावर तो वेगळा वागतो का, हे आठवडाभर पाहा, वहीत लिहा, आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. डॉक्टर घाईत असले तरी ठेवा. डिस्चार्ज कार्डाचा मोबाईलवर फोटो काढून घरातल्या प्रत्येकाला पाठवा. हाड पोटात आहे, फ्रीजरमध्ये आहे की टाकून दिलं आहे, हे त्यात लिहिलेलं असतं.

आजी दिवाळीनंतर दाखवायला आल्या. केस बोटभर वाढले होते, पदर खांद्यावर. बीपी पाहिलं, शुगर पाहिली. निघताना म्हणाल्या, "डाक्टर, एक इचारू का? ते हाड होतं तवा झोपताना हात ठेवाची सवय झालती मले. आता पोट खाली खाली लागते."